इन्व्हर्टरचे कापलेले पाच मार्क

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांनी गुहेवर सोलर पॅनेल बसवली. उन्हाची वीज इन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जंगलाच्या तारेत जायची. मागच्या रांगेतल्यांनी चुळबुळ करू नका, एवढंच कळलं तरी पुरे.

ऊन चढलं की तारेतला विजेचा दाब वाढायचा. तारेच्या शेवटच्या टोकाला ठमाताई रानकोंबडी राहायची. तिची स्वतःची चार अंडी आणि वारलेल्या बहिणीची तीन. पंखाखाली चारच मावत, म्हणून तीन खोक्यात बल्बखाली ठेवलेली. रोज भरदुपारी बल्ब उडायचा आणि अंडी गार पडायची.

धोंडूकाका साळिंदर वायरमन आले. टेस्टर अंगावरच्या काट्यांतच कुठेतरी होता, तो शोधण्यात सकाळ गेली. मग त्यांनी इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर एकवरून ०.९५ केला. म्हणजे सगळी ताकद वीज ढकलण्यात घालायची नाही, थोडी दाब आवरायला राखायची. त्या दुपारी बल्ब टिकला.

संध्याकाळी महाराजांनी आकडा पाहिला. त्यांचं तोंडच उतरलं.

"शंभरात पंच्याण्णव? पाच मार्क कुठे गेले?"

"गेले नाहीत, महाराज," काका म्हणाले. "उताराला लागलेली गाडी कुणीतरी मागून धरावी लागते, त्यातलं आहे हे."

महाराज म्हणाले, आमच्या घराण्यात पैकीच्या पैकीच मिळतात. स्वतः ते चौथीत दोनदा बसले होते, पण ते असो. त्यांनी समोर उभं राहून आकडा परत एकवर करून घेतला.

दुसऱ्या दुपारी बल्ब उडाला. नवा बल्ब जंगलात उरला नव्हता. ठमाताई बहिणीची तीन अंडी पंखाखाली घेई, तर स्वतःच्या चारांतली तीन बाहेर राहत. ती घ्यावीत, तर बहिणीची उघडी पडत. फार वाईट वाटलं हो काकांना.

"काका," ती म्हणाली, "कुठली सोडू तेवढं सांगा."

काकांनी आपल्या घरचा बल्ब काढून तिच्या खोक्यात लावला. तडक गुहेवर जाऊन इन्व्हर्टर ०.९५ वर नेला आणि आकड्यावर कागद चिकटवला: 'शंभरपैकी शंभर. अभिनंदन.' महाराजांनी इन्व्हर्टरला हार घातला.

सातही पिल्लं निघाली. बारशाला महाराज आले आणि तासभर बोलले. पैकीच्या पैकी मिळवल्यावर अंडीसुद्धा कशी फुटतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. धोंडूकाका कोपऱ्यात घुगऱ्या खात होते. त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, पण ते यंत्राशी. राजाला कागद पुरतो.