यशस्वी मेंढा कोणता?

"हा मेंढा यशस्वी आहे असं कोणत्या गाढवानं लिहिलंय?" पीएच.डी. करणाऱ्या मॉर्व्हननं अहवाल टेबलावर आपटला.

"मी," सूप पिता पिता प्रोफेसर टॉर्किल म्हणाले.

स्कॉटलंडच्या त्या बेटावर रानमेंढ्यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचे ते प्रमुख. बारा नंबरचा मेंढा त्यांचा भारी लाडका. यंदाच्या अहवालात त्यांनी त्याला प्रजननात सर्वांत यशस्वी ठरवलं होतं. मुखपृष्ठावर त्याचाच शिंगं रोखलेला फोटो.

"गेल्या वर्षी नऊ कोकरं झाली त्याला. आणखी काय हवं?"

"त्यातली आठ थंडीत मेली! मेलेल्यांचं कसलं यश?"

"अगं, थंडी काय त्या बिचाऱ्यानं पाडली?"

"वंश पुढे चालला तर यश! नुसती जन्माला घालून काय उपयोग?"

स्वयंपाकीण सेनगा पाव घेऊन आली होती. ती थबकली. "मला सहा मुलं. नातवंड एकही नाही. म्हणजे मी नापास?"

"हो!" रागाच्या भरात मॉर्व्हन बोलून गेली.

सेनगानं पाव उचलला, टॉर्किलांच्या पुढ्यातलं सूपही उचललं, आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली.

"झालं समाधान?" टॉर्किल गरजले. "आता चघळ तुझी व्याख्या!"

"आधी हे वाचा!" तिनं रक्ततपासणीचा कागद पुढे केला. त्या नऊंतली सहा कोकरं बारा नंबरची नव्हतीच. एकतीस नंबरच्या खुरट्या, शिंगमोडक्या मेंढ्याची होती.

टॉर्किलांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी छापखान्याला फोन लावला. चारशे प्रती छापून, बांधून तयार होत्या. त्यांनी फोन आदळला.

"लिही! तूच लिही यश म्हणजे काय ते!"

मॉर्व्हननं तावातावानं लिहिलं: 'जी कोकरं जगली आणि ज्यांना पुढे स्वतःची कोकरं झाली, तेवढीच मोजावीत.' टॉर्किलांनी जागच्या जागी सही ठोकली. "आजपासून केंद्रातल्या प्रत्येकाला लागू. तुझ्या प्रबंधालासुद्धा!"

"खुशाल!" म्हणत तिनं विजयी मुद्रेनं प्रबंध उघडला. दोनशे बारा कोकरं. सगळी याच वसंतातली. प्रबंध द्यायचा याच सप्टेंबरात.

ती पानं उलटत राहिली. "यांना कोकरं व्हायला…"

"दोनेक वर्षं," टॉर्किल म्हणाले. "जगली वाचली तर."

मॉर्व्हननं धाडकन खिडकी उघडली. बाहेर उतारावर कोकरं मजेत उड्या मारत होती.

"मोठी व्हा ना लवकर, मेल्यांनो!" ती ओरडली.