फिल्टरची आंघोळ

माणसाला एखादं व्यसन असावं, माझी ना नाही. पण आमच्या जावयांना धुण्याचं व्यसन आहे. सकाळी उठले की दाराच्या कड्या पुसतात, दिव्यांची बटणं पुसतात, झाडूची काठी पुसतात. एकदा तर मी त्यांना नळाखाली साबण धुताना पकडलं. "साबण कशाला धुताय?" विचारलं, तर म्हणे, "आई, त्याच्यावर कालचा फेस वाळलाय." अशा माणसापुढे देवानंसुद्धा हात टेकावेत, आणि टेकण्याआधी धुऊन घ्यावेत.

दोष त्यांच्या धंद्याचा. चष्म्याच्या दुकानात बसतात. दिवसभर लोकांच्या काचा पुसून पुसून त्यांचा असा समज झालाय, की जगातली कुठलीही अडचण म्हणजे कुणाची तरी पुसायची राहिलेली काच.

माझी लेक मात्र बापाच्या वळणावर गेली. ती डंपर चालवते. बापानं मागे ठेवलेला डंपर आमच्या दारात उभा असतो, आणि खिडकीतून बघितलं तर त्याचं फक्त एक चाक दिसतं. बरेच दिवस त्याला काम नव्हतं. एक गिऱ्हाईक अधूनमधून यायचं, टायरला लाथ मारायचं आणि "विकणार असाल तर सांगा" म्हणून जायचं. टायरला लाथ मारून गाडीचं काय कळतं ते मला आजवर कळलेलं नाही. पण लेक मनातून खचली होती. तशात डोंगरावर नवा रस्ता निघाला. दगड वाहायला डंपर हवे होते, हंगामभराचं काम होतं. अट एकच. सुपरवायझरसमोर भरलेली गाडी तिथला मोठा चढ चढवून दाखवायची. चढली तर काम. नाही चढली, तर टायरला लाथ मारणारा गाडी घेऊन जाणार, हे लेकीनं मला सांगितलं होतं. जावयांनाही सांगितलं होतं. तिथंच चुकलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लेकीनं पहाटेपासून गाडीखाली झोपून ग्रीस भरलं, नट आवळले, आणि दमून घरात येऊन आडवी झाली. जावयांची त्या दिवशी सुट्टी. बायकोसाठी काहीतरी करावं असं त्यांच्या मनात आलं. नवऱ्यांच्या मनात असं काही आलं की घरातल्या बायकांनी सावध व्हावं. मी बेसावध राहिले.

बाहेर आले तर जावई डंपरच्या बाजूचा डबा उघडून उभे. इंजिनाला हवा लागते, आणि हवेतली धूळ अडवायला त्या डब्यात कागदाचा फिल्टर असतो. बादलीएवढा मोठा, सगळीकडून घड्याघड्यांचा. त्याच्या पोटात आणखी एक धाकटा. डब्यावर एक निशाण असतं, ते लाल झालं तरच थोरल्याला बाहेर काढायचं, आतून बाहेर हलक्या हातानं हवा मारायची, की झालं. धाकट्याला तर धुवायचं नाही, झटकायचं नाही. खराब झाला की नवा घालायचा. लेकीनं हे सगळं नवऱ्याला एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हा हे महाराज तिच्या गालावरचा ऑइलचा डाग पुसण्यात गुंतले होते.

"आई, बघा!" थोरला फिल्टर दोन्ही हातांनी उचलून ते म्हणाले. "किती ही घाण! उद्या परीक्षा, आणि हे असं!"

"निशाण लाल आहे का?"

"नाही. हिरवं आहे."

"मग ठेवा परत."

"पण मळलाय ना!"

"अहो, धूळ खायलाच बसवलाय तो. केरसुणी मळली म्हणून तिला कुणी आंघोळ घालतं का?"

"मी घालतो," जावई म्हणाले.

यावर माणसानं काय बोलावं? ते खरंच घालतात.

मी स्वयंपाकघरात वळले तेवढ्यात त्यांनी फिल्टर टायरवर आपटला. धूळ उडाली आणि त्यांच्याच अंगावर बसली, तेव्हा त्यांना वाटलं, हे काम पाण्याशिवाय व्हायचं नाही. मी परत बाहेर येईपर्यंत त्यांनी टबात कोमट पाणी घेतलं, त्यात माझा शाम्पू ओतला, आणि थोरला आणि धाकटा, दोघांनाही त्यात बसवलं. घड्यांमधून दात घासायचा जुना ब्रश फिरवला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरसुद्धा एवढा भाव नसतो.

"आता इंजिन कसं मोकळा श्वास घेईल!" ते म्हणाले.

"कागद आहे तो, जावईबापू."

"कागद म्हणजे झाडच की, आई. झाडाला पाणी चालतं."

थोरला बाहेर आला तो पावसात राहिलेल्या वहीसारखा. घड्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. धाकटा तर एका बाजूला वाकून उभा, रस्त्यावरच्या दारुड्यासारखा. तरी जावयांचा धीर सुटेना. "वाळला की सरळ होईल," म्हणाले.

वाळेपर्यंत इंजिनाच्या उघड्या नळीत धूळ जाऊ नये, ही काळजीही त्यांनीच घेतली. खुंटीवरची माझी लोकरीची शाल काढली, तिचा बोळा केला, नळीच्या तोंडात सैलसा बसवला, आणि वर डब्याचं झाकण लावून टाकलं. झाकण लावलं की बाहेरून कुणालाच काही कळत नाही. मलाही कळलं नाही. मी आपली शाल शोधत घरभर फिरत होते.

मग सुरू झालं वाळवणं. दोरीवर घातला तर रस्त्यावरची धूळ चिकटली. परत धुतला. मग लेकीचं केस वाळवायचं यंत्र लावलं, ते पुरेना म्हणून जोडीला इस्त्री तापवली, आणि कपडे धुण्याचं मशीन आधीच चालू होतं. टप्प् करून घरातली वीज गेली.

"मी फ्यूजची तार आणते," मी म्हणाले. "तुम्ही कशालाही हात लावू नका."

"मी गच्चीवर जातो, आई. ऊन आहे तिथं."

फ्यूजची तार शेजारणीकडे होती. पण तिच्या सुनेचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकल्याशिवाय ती कुणाला काही देत नाही. मी ऐकत बसले. गाऱ्हाणं तसं रास्त होतं.

इकडे वीज गेली म्हणून पंखा बंद, पंखा बंद म्हणून उकाडा, आणि उकाड्यानं लेक जागी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुपरवायझर म्हणाला, उद्या मला साहेबांनी दुसरीकडे बोलावलंय, परीक्षा आजच आहे, लगेच निघा. लेकीनं तोंडावर पाणी मारलं, घरात कुणी दिसेना म्हणून दार ओढून घेतलं, आणि डंपरवर चढली.

डंपर सुरू झाल्याचा आवाज आला तसे जावई गच्चीच्या कठड्यावर आले. "थांब! अगं थांब! शाल!" असं म्हणून दोन्ही हात हलवायला लागले. लेकीनं आरशात बघितलं. नवरा गच्चीवर उभा राहून आपल्याला निरोप देतोय हे बघून तिचा ऊर भरून आला. तिनंही हात हलवला, दोनदा हॉर्न दिला, आणि गेली.

मी तार घेऊन परत येते तो जावई जिन्यावरून गडगडत खाली.

"आई, स्कूटरवर बसा!"

"कशाला?"

"फिल्टर धरायला!"

"फिल्टर इथं, तर गाडीत काय आहे?"

जावई स्कूटरची सीट पुसायला लागले.

"काय आहे गाडीत?"

"तुमची शाल," ते म्हणाले.

आजवर पुष्कळांनी पुष्कळ काय काय सांगितलं आणि मी त्यांना जागच्या जागी उत्तरं दिली. त्या वेळी मात्र मी उत्तरात वेळ घालवला नाही. झटकन स्कूटरवर बसले. दोन्ही फिल्टर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. वाटेत ते गळत होते, आणि मी बसल्या जागी भिजत होते.

चौकात पोलिसानं हात केला. माझ्या मांडीवरचं तान्ह्या बाळासारखं गाठोडं बघितलं, माझी भिजलेली मांडी बघितली, आणि बिचाऱ्याचा चेहराच पालटला. त्यानं शिट्टी फुंकून बाकीची वाहनं अडवली. "जा, जा! दवाखाना डावीकडे!"

"नाही हो साहेब," जावई म्हणाले, "हा फिल्टर—"

मी त्यांच्या पाठीत असा चिमटा काढला की स्कूटरच पुढे उडाली.

"खोटं कसं बोलायचं, आई?"

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तुम्हाला तेही जमत नाही."

चढाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. दोन डंपर गरजत वर जाऊन उभे होते. आमचा, दगडांनी शिगोशीग भरलेला, चढाच्या अर्ध्यावर होता. रिकामी गाडी सपाट रस्त्यानं येताना त्या शालीच्या कडेकडेनं कशीबशी हवा मिळत होती. आता भार पडला, इंजिनानं मोठा श्वास ओढला, आणि शाल घशात जाऊन बसली. काळा धूर निघाला. गाडी कण्हली, थरथरली, आणि बंद पडली.

वरून कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा! मागे येणार!"

मी डोळे मिटले नाहीत. माझी लेक आत होती, मी डोळे कसे मिटू? गाडी जागची हलली नाही. दार उघडलं. लेक खाली उतरली, घाई नाही, गडबड नाही. कडेचे मोठे दगड उचलून मागच्या चाकांना टेकवले, हात झटकले, आणि डब्याकडे गेली. निशाण लालभडक झालं होतं.

तिनं झाकण काढलं आणि आत हात घातला. जादूगार टोपीतून रुमाल काढतो तशी माझी शाल बाहेर यायला लागली. येतच राहिली.

"आई," तिनं खाली हाक मारली, "ही तुझी का गं?"

"होती," मी म्हणाले.

जावई गाठोडं पोटाशी धरून चढ चढत गेले. मी मागून. सुपरवायझर तिथं आधीच पोचला होता, चष्मेवाला, तोंड आंबट केलेला माणूस.

"हे काय आणलंय?"

"फिल्टर," जावई म्हणाले. "स्वच्छ धुतलाय."

टॉवेलातून पाणी टपटप गळत होतं. बाकीचे ड्रायव्हर एकमेकांकडे बघेनात, बघितलं असतं तर हसू फुटलंच असतं. लेकीनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्या बघण्यानं फिल्टर वाळायला हरकत नव्हती.

काहीतरी करून परिस्थिती सावरावी म्हणून जावयांनी काय करावं? सुपरवायझरच्या चष्म्यावर धूळ होती. ती त्यांना बघवेना. "एक मिनिट हं," म्हणून त्यांनी त्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि टॉवेलानं पुसून परत घातला. टॉवेलाला फिल्टरचं काळं लागलेलं. आता सुपरवायझरला काही म्हणजे काही दिसेना.

"झालं," मी मनात म्हटलं. "आता टायरला लाथ मारणाऱ्याला बोलवा."

सुपरवायझरनं चष्मा खिशात टाकला आणि तसाच चाचपडत गाडीच्या मागे गेला. दिसत नव्हतं म्हणून चाकाशी नाक लावून बघायला लागला. एका चाकाशी, मग दुसऱ्या. जमिनीवर हात फिरवला. उठला.

"बाई, गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही काय केलं?"

"ब्रेक धरला," लेक म्हणाली. "दुसरं काय करणार?"

"दुसरं पुष्कळ करतात लोक. गेल्या हंगामात इथंच एक गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं उडी मारली. गाडी खाली गेली ती साहेबांच्या मोटारीवर." त्यानं वर उभ्या असलेल्या दोन डंपरांकडे बोट केलं. "चढायला काय, सगळेच चढतात. अर्ध्या चढावर बंद पडून दाखवा असं मी कुणाला सांगू शकत नाही. तुमची गाडी वीतभरसुद्धा मागे आली नाही."

"मग?"

"मग काय, दोन्ही फिल्टर नवे घाला आणि परवापासून या. आणि हा डबा तुमच्याशिवाय कुणी उघडायचा नाही." हे बोलताना त्यानं मान जावयांच्या दिशेनं वळवली. दिसत नव्हतं तरी बरोबर वळवली.

लेक चाकाला टेकून मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. जावई तिच्याजवळ जाऊन बसले. मान खाली घातली. मी म्हटलं, चला, माणसाला लाज वाटते, सुधारेल. तेवढ्यात त्यांनी घसा साफ केला.

"एका अर्थी बघायला गेलं तर," ते म्हणाले, "शाल नसती तर गाडी बंद पडली नसती, आणि बंद पडली नसती तर त्यांना हिचा ब्रेक कसा कळला असता? म्हणजे काम तसं माझ्यामुळेच—"

आणि माझी पोर, एवढा डंपर चढावर एकटीनं धरणारी, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून खुदकन हसली! लेकी अशाच हातच्या जातात. मग बोलायचं कुणी? मी भिजलेले कपडे झटकले, ती काळी शाल खांद्यावर टाकली, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"जावईबापू," मी म्हणाले, "तुम्ही माणूस लाखमोलाचे, पण अक्कल तेवढी धुऊन धुऊन पार विरलीय. आजपासून चाक असलेल्या कुठल्याही वस्तूला तुमचा हात लागता कामा नये. आणि फारच शिवशिवले हात, तर या माझ्याकडे, माझी जीभ धुवायला. तुमचे सासरे जन्मभर बिचकले, बघू तुम्हाला जमतंय का!"