दांडा फिरेना

एका जंगलात एकच ट्रॅक्टर होता आणि तो दुरुस्त करणारं एकच अस्वल होतं. ते अस्वल मीच, पोरांनो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला संकोच नको.

ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दांडा असतो. तेलाचा दाब आला की तो फिरतो आणि त्याच्यावर मळणीयंत्र चालतं. दसरा झाला, साळिंदर असलेल्या गोदाकाकूंची सोयाबीनची गंजी खळ्यावर लागली, आणि नेमका दांडा फिरेना. वर्षाचं पीक होतं ते. आभाळ भरून आलं होतं. भिजलं असतं तर जागच्या जागी मोड आले असते.

काकू म्हणाल्या, "तुळशीराम, तेल गाळायची जाळी बघितलीस का?"

मला रागच आला. शहरात दोन महिने मिस्तरीकाम शिकून आलेल्या अस्वलाला असं विचारतात होय? जाळी काय, ससासुद्धा बघेल. मी सांगितलं, क्लच गेलाय, सगळं खोलावं लागेल.

आणि खोललं की! प्लेटा, स्प्रिंगा, सील, सगळं पोत्यावर मांडलं. अख्खं जंगल बघायला जमलं. माकड एकेका वस्तूचं नाव विचारायचं. मला येत नसेल तर मी इंग्रजीत सांगायचो. चौथ्या दिवशी सगळं जोडलं, तर दोन वायसर उरले. ते कंपनीनं जास्तीचे दिलेत, असं मी जाहीर केलं.

दांडा काही फिरला नाही.

पाचव्या दिवशी पाऊस आला. सगळे आडोशाला पळाले तेव्हा मी गुपचूप जाळी काढली. आत लाल फडकं अडकलेलं. खंडेनवमीच्या पूजेला ट्रॅक्टर धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून तेल ओतायच्या तोंडात मीच ते कोंबलं होतं, आणि काढायचं विसरलो ते आत घसरलं होतं. फडक्याच्या कोपऱ्याला माझ्या आईनं घातलेला टाकाही तसाच होता.

मागे काकू उभ्या होत्या. चार दिवस काठीनं सोयाबीन बडवून हातांना फोड आले होते. निम्मंच झालं होतं. उरलेलं भिजत होतं.

"सापडलं का रे?"

"सापडलं," मी फडकं काखेत दडवून म्हणालो. "फार खोल दोष होता, काकू."

दांडा फिरला. जंगलानं माझा सत्कार ठेवला. लाज वाटली, खरंच वाटली. शाल मात्र घेतली.

नारळ काकूंच्या हस्ते होता. तो देताना त्या हळूच म्हणाल्या, "फडकं धुऊन ठेव. पुढच्या खंडेनवमीला लागेल."

तात्पर्य: बिघाड शोधताना सुरुवात स्वतःपासून कधी करू नये. दोष पहिल्याच दिवशी सापडतो आणि सत्कार हुकतो.