डावी काच समतेची

शहरातल्या प्रत्येक गरजू नागरिकाला मोफत चष्मा देण्याचा ठराव पालिकेने एकमताने मंजूर केला. एवढ्या लोकांचं एकमत झालं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मावशींच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांना घाई होती. चाळीस वर्षं शर्टांना हाताने काजं करून त्यांचे डोळे थकले होते. काजं वाकडी पडत होती, आणि कपड्यांच्या दुकानदाराने पहिल्यांदाच आवाज न चढवता सांगितलं होतं, "मावशी, महिना-दोन महिने बघतो. नाहीतर दुसरी बाई शोधावी लागेल." माणूस ओरडत होता तोवर बरा होता.

पालिकेच्या समता विभागाने सगळ्यांचे डोळे तपासले. ज्यांना लांबचं दिसत नव्हतं त्यांचे नंबर उणे आले, ज्यांना जवळचं दिसत नव्हतं त्यांचे अधिक. कुणावरही अन्याय नको म्हणून सगळ्या नंबरांची सरासरी काढण्यात आली. ती शून्य निघाली. त्यानुसार प्रत्येकाला साध्या काचेचा एकसारखा चष्मा सन्मानपूर्वक देण्यात आला.

मावशी चष्मा घेऊन कचेरीत गेल्या.

"साहेब, ह्यातून काहीच दिसत नाही."

"कुणालाच दिसत नाही," समता अधिकारी समाधानाने म्हणाले. "आजवर इतकी समान योजना झाली नव्हती."

"पण माझा नंबर तीन आहे हो."

"तुम्हाला तीन दिला, तर त्या उणे दोनवाल्याने काय आमचं घोडं मारलंय?"

"त्याला त्याचा द्या की."

"म्हणजे भेदभाव करू?"

समोरच्या खोलीत समन्याय विभाग होता. तिथल्या अधिकारीबाईंनी मावशींना खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, आणि स्वतःच्या डोळ्यांतही थोडं आणलं. "सगळ्यांना सारखं देणं हाच खरा अन्याय. ज्याची जशी गरज, तसं त्याला मिळालं पाहिजे." मावशींना त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग बाईंनी बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला.

"तुमच्या आजीला कमी दिसायचं का?"

"ती मी जन्मायच्या आधीच गेली."

"म्हणजे तिने तुम्हाला कधी पाहिलंच नाही." बाईंनी लिहून घेतलं. "वंचितता पिढीजात आहे."

दोन्ही विभागांची तीन आठवडे जुंपली. पत्रं गेली, प्रतिपत्रं आली, एक परिसंवाद झाला. त्यातलं जेवण दोन्ही बाजूंना पटलं. शेवटी तडजोड निघाली: डावी काच समतेची, शून्य नंबरची, उजवी समन्यायाची, तीन नंबरची. मावशींनी तो चष्मा चढवला आणि त्यांना गरगरलं. मग त्यांनी डावा डोळा मिटला आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवला.

"आई, डोळा कुणाला मारताय?" सुनेने विचारलं.

"काजाला," मावशी म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसल्या. काजं पुन्हा सरळ येऊ लागली. दुकानदारही पुन्हा ओरडू लागला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच महिन्यात योजनेचं फलित तपासायला पाहणी अधिकारी दुकानात आले. मावशींच्या शेजारी अर्धा तास बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि सौजन्याने वाचूनही दाखवला. "लाभार्थी केवळ एका डोळ्याने पूर्ण क्षमतेने काम करीत असल्याचे निदर्शनास आले. सबब लाभार्थीची गरज संपुष्टात आली असून, उजवी काच अधिक गरजू नागरिकासाठी परत घेण्यात यावी. डावी काच समतेची असल्याने ती काढून घेण्याचा अधिकार कोणासही नाही."

"अहो, पण मला दिसतं ते त्या उजव्या काचेमुळेच."

"तेच तर लिहिलंय मी. तुम्हाला दिसतं."

या अहवालावर मात्र दोन्ही विभागांचं एकमत झालं. तरीही पालिका मनमानी करत नाही. काच काढण्यापूर्वी तिने रीतसर जाहीर नोटीस दिली: कोणाही नागरिकाने सात दिवसांत एका ओळीची हरकत पाठवली, तरी काच लाभार्थीकडेच राहील. नोटीस वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत छापून आली. मावशींच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, आणि आलं असतं तरी सुनेने कशाला सातवं पान उघडलं असतं.

आठव्या दिवशी पालिकेचा माणूस छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि काच सोडवून घेऊन गेला. दुकानदार त्या संध्याकाळी मावशींशी फार हळू आवाजात बोलला.

फायलीत शेवटची नोंद आहे: धडधाकट नजरेच्या हजारो नागरिकांनी नोटीस वाचली, हरकत एकाचीही नाही. ते वर्तमानपत्र तुमच्याही घरी येतं.