एका घराचे दोन मीटर

बेळगावजवळच्या कंग्राळीत परशरामच्या घरी भांडणाची तालीम चालली होती आणि ती काही केल्या जमत नव्हती.

"तोंड जरा वाकडं कर की रं," परशराम धाकट्या भावाला म्हणाला. "साहेबापुढं असा दात काढून उभारलास तर ह्यांचं पटत न्हाय असं कुणाला वाटंल?"

"अण्णा, तुझ्याकडं बघितलं की हसायलाच येतंय. मी काय करू?" युवराज म्हणाला, आणि पुन्हा हसला.

भांडण दाखवायचं होतं ते मीटरसाठी. सरकारच्या योजनेत प्रत्येक मीटरला फुकट विजेचा कोटा ठरला होता. कोटा ओलांडला की वरच्या युनिटांचे पैसे, आणि दोनशे युनिटं ओलांडली की सवलत बंद, सगळंच बिल भरायचं. परशरामच्या घरात दोन भाऊ, दोन जावा, त्यांची आई गुणाबाई आणि परशरामची मुलगी ऋतिका एवढी माणसं एका मीटरवर राहत. दोनशेचा आकडा महिना सरायच्या आधीच मागं पडायचा. कोल्हापूरकडच्या पाहुण्या बायका आल्या की म्हणायच्या, "तुमचं कर्नाटकात बरं हाय बाई, लाईट फुकट." परशरामची बायको जयाबाई त्यावर त्यांच्यापुढं चहा सरकवायची. सगळी पंगत जेवून उठावी आणि आपल्याच पानात वाढायचं राहावं, तसं तिला व्हायचं.

तोडगा युवराजनं आणला. तो उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला होता आणि तिथं जेवणाच्या सुट्टीत याच विषयावर बोलणं चालायचं. वेगळी चूल, वेगळं दार दाखवलं की वेगळा मीटर मिळतो.

"कागदावर व्हायचं वेगळं," तो म्हणाला. "जेवायचं एकाच पंगतीला."

घराला मधल्या अंगणामुळं दोन बाजू होत्याच. पूर्वेला जुनं स्वयंपाकघर होतं. पश्चिमेला युवराजसाठी गॅसची नवी शेगडी मांडली. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसचे साहेब आले. त्यांनी दोन दारं बघितली, दोन शेगड्या बघितल्या. भांडणाची तालीम फुकट गेली, कारण त्याबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. मात्र आपापली चूल खरी आहे हे पटवायला जयाबाई आणि युवराजची बायको तेजस्वी, दोघींनीही चहा आणला, आणि साहेबांना दोन्ही कप प्यावे लागले.

सोप्याच्या भिंतीवर जुन्या मीटरच्या शेजारी नवा मीटर बसला. जुना परशरामच्या नावावर, नवा युवराजच्या. वायरमननं तारा ओढून दिल्या. त्या दिवशी घरात एवढा आनंद होता की जयाबाईनं पुरणपोळ्या केल्या. पश्चिमेच्या खोल्यांवर दुपारचं ऊन येतं आणि तेजस्वीला ते सोसत नाही, म्हणून साहेब गेल्यावर परशरामनं आपण होऊन ती बाजू घेतली. "कागद कागदाच्या जागी," तो म्हणाला. "पोरीला तरास कशाला?"

महिन्यानं बिलं आली. बिल कन्नडमधून, मोबाईलवरचा निरोप इंग्रजीतून, आणि घरातली चर्चा मराठीतून. पण शून्य तिन्ही भाषांत सारखंच दिसतं. युवराजचं बिल शून्य होतं. परशरामचं कोट्याच्या वर गेलं होतं.

"पहिलाच म्हैना हाय," परशराम म्हणाला. "बसंल बस्तान."

पुढच्या महिन्यात त्यानं बस्तान बसवायला घेतलं. सोप्यातला मोठा दिवा काढून लहान लावला. पंखा गुणाबाई बसली असेल तरच फिरवायचा असं ठरलं. जयाबाईनं मिक्सर गुंडाळून फडताळात ठेवला. तिकडं युवराजचं बिल पुन्हा शून्य आलं, त्यामुळं त्यानं गीझर घेतला. तरीही शून्य आलं, मग कूलर घेतला.

"नव्या मीटरला कोटा कमी, आणि तरी ह्याला शून्य कसं?" जयाबाईनं विचारलं.

"वैनी, वीज वापरायची बी एक पद्धत असते," युवराज म्हणाला. कारखान्यात मशिनवर काम करणाऱ्या माणसाला विजेतलं जास्त कळतं, असं त्याला आता मनापासून वाटू लागलं होतं.

परशरामला हे वाक्य लागलं. पण माणूस व्यवहारी होता. भावाकडं शून्यच येतंय, तर आपली कामं तिकडं करावीत असा हिशेब त्यानं मांडला. इस्त्री तेजस्वीकडं, चटणी वाटायची तेजस्वीकडं, संध्याकाळच्या बातम्या युवराजच्या टीव्हीवर. तेजस्वीनंही कधी नको म्हटलं नाही. बिल शून्य असलं की माणूस उदार होतो.

त्या महिन्यात परशरामचा मीटर दोनशेच्या पार गेला.

गाव लहान. चावडीजवळ कुणीतरी विचारलं, "परशराम, घरात पिठाची गिरण घातलीस काय रं?" ज्याच्या घरात संध्याकाळी माणसं चाचपडत चालत होती, त्याला गाव उधळ्या म्हणू लागलं. परशराम भाजीचा मळा करणारा. वांग्याच्या वाफ्यात पाणी किती सोडायचं हे त्याला बरोबर कळायचं. पण इथं तो जेवढं तोंड आवळत होता, तेवढं जास्त वाहून जात होतं. युवराजनं एकदा अंगणातून ओरडून सल्ला दिला, "अण्णा, फ्रिज बंद करून बघ!" फ्रिज बंद होऊन दहा दिवस झाले होते.

शेवटी ऋतिकानं प्रश्न हातात घेतला. ती बेळगावच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि प्रयोगावर तिचा विश्वास होता. एका दुपारी तिनं आपल्या बाजूचं सगळं बंद केलं, प्लग काढले, आजीला पंख्याविना बसवलं, आणि वडिलांच्या मीटरसमोर उभी राहिली. मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. तिनं सगळं पुन्हा तपासलं. दिवा अधिकच वेगानं लुकलुकायला लागला. त्याच वेळी पलीकडं तेजस्वीनं कूलर लावला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आपल्या मीटरवरून दुसरं कुणीतरी वीज घेतंय."

तिचं निरीक्षण अचूक होतं. निष्कर्षही, तसा बघितला तर, खोटा नव्हता. फक्त शेजारी दुसरा मीटर होता, आणि त्याच्याकडं तिनं मान वळवून बघितलं नव्हतं.

परशरामनं पलीकडच्या कूलरचा आवाज ऐकला, आणि त्या दिवसापासून तो बातम्या बघायला गेला नाही. जयाबाईनं मिक्सर फडताळातून काढला. दुपारचं जेवण कधीच वेगळं झालं होतं, आता रात्रीचंही झालं. पुढच्या आठवड्यात अंगणात विटांचा ट्रॅक्टर रिकामा झाला. मधून भिंत घालायची होती.

"कागदावर व्हतं न्हवं वेगळं?" गुणाबाईनं विचारलं.

"कागद उलटला, आई," परशराम म्हणाला.

गुणाबाई विटांच्या ढिगाशेजारी शेंगा फोडत बसली. ऋतिका तिच्याजवळ येऊन बसली. भिंतीला पहिली वीट आपणच दिली, हे तिला कळत होतं.

"व्हय गं, ही वीज येती कुठनं?" गुणाबाईनं विचारलं.

"रायचूरला कोळसा जाळून करतात. शरावतीच्या पाण्यावर करतात. गदगकडं पवनचक्क्या हायत."

"मग आपल्या पंख्यात कुठली? कोळशाची का पाण्याची?"

"ते सांगता येत न्हाय, आजी. तारेत आली की सगळी एकच."

गुणाबाईनं दाणे सुपात टाकले. "एवढ्या लांबनं येताना एक हून येती," ती म्हणाली, "आणि माझ्या दारात आली की भिताड मागती."

रविवारी सकाळी गवंडी आला. त्यानं अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरीच्या पलीकडून युवराज बघत होता. त्याला भिंतीचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं दुधवाल्याकडून ऐकलं होतं.

"अण्णा, मी चोर काय रं?"

"मी न्हाय म्हणत. मीटर म्हणतोय."

"मीटर बोलतोय व्हय? मग माझ्या तोंडावर दाखव! कुठली तार चोरली मी?"

"दाखवतो! माझ्या मीटरचं बटण पाडतो. बघू तुझ्या घरात काय काय बंद पडतंय!"

परशराम तरातरा सोप्यात गेला आणि जुन्या मीटरखालचं बटण त्यानं खाडकन् खाली ओढलं.

पलीकडं कूलर घरघरत थांबला. टीव्हीतला माणूस वाक्याच्या मध्येच गेला. स्वयंपाकघरातून तेजस्वी ओरडली, "आक्का, चटणी अर्धीच वाटली बघा, लाईट गेली!"

गवंड्यानं थापी खाली ठेवली. "सापडली की ओ चोरी," तो म्हणाला.

युवराजचं तोंड पांढरं पडलं. तो स्वतःच्या घराकडं असं बघत होता, की जणू त्याच्या नकळत त्या घरानंच चोरी केली असावी. "आईशपथ, अण्णा," तो म्हणाला, "मी न्हाय केलं."

परशराम जिंकला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. भाऊ चोर नसावा, अशी आशा त्याला या क्षणापर्यंत होती, हे त्याला स्वतःलाही आत्ताच समजलं होतं.

"पर माझा पंखा फिरतोय की," गुणाबाई म्हणाली.

ती परशरामच्या सोप्यात, खुर्चीवर बसली होती. सगळ्यांनी वर बघितलं. पंखा निवांत फिरत होता.

"बाबा," ऋतिका म्हणाली, "तुम्ही आपला मीटर बंद केलाय न्हवं? मग आपला पंखा कशावर चाललाय?"

उत्तराची वाट न बघता ती भिंतीपाशी गेली आणि युवराजच्या मीटरखालचं बटण तिनं खाली ओढलं. पंखा हळूहळू थांबला. गुणाबाईनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली.

मग चटणीचा हात तसाच घेऊन बाहेर आलेली तेजस्वी म्हणाली, "मीटर बसला तवा आम्ही पश्चिमेला व्हतो की, आक्का."

"व्हय गं," जयाबाई म्हणाली. "तुला उन्हाचा तरास व्हतोय म्हणून ह्यांनीच बाजू बदलली. अंथरुणं न्हेली, भांडी न्हेली." ती मीटरांकडं बघत थांबली. "हे मातूर कुणी न्हेलं न्हाय."

"म्हणजे मी अंधारात बसलो ते..." परशराम म्हणाला.

"काकांच्या शून्यासाठी," ऋतिका म्हणाली.

"आणि मी गीझर घेतला तो..."

"बाबांच्या बिलावर."

युवराज विटांवर बसला. त्याला इतके महिने स्वतःचं जे कौतुक वाटत होतं, ते सगळं त्याला एकदम आठवत असावं. परशराम त्याच्या शेजारी बसला. आधी हसलं कोण, यावर घरात पुढं वाद झाला. गवंड्याच्या मते गुणाबाई.

"मग भिताडाचं काय?" गवंड्यानं विचारलं. "दोरी बांधून बसलोय मी."

"मीटराखाली कट्टा घाल," गुणाबाई म्हणाली. "उठसूट बघाया जात्यात दोघं. बसून बघतील."

तारा बदलायच्या तर अर्ज करायचा, साहेबांना पुन्हा बोलवायचं, पुन्हा दोन चुली दाखवायच्या. "ह्या खेपेला भांडणाची तालीम लागायची न्हाय," युवराज म्हणाला, पण अर्ज करायला कुणी उठलं नाही. खोल्या पुन्हा बदलाव्यात तर ऊन होतंच. चुकीचं सगळं तसंच राहिलं; फक्त ते आता सगळ्यांना माहीत होतं.

माहीत झाल्यावर मात्र घराची रीत बदलली. पाणी तापलं की तेजस्वी धावत जाऊन गीझर बंद करू लागली. भाऊजींच्या बिलावर ऊनऊन पाण्यानं अंघोळ करताना तिला ते पाणी टोचायचं. युवराजनं कूलर दुपारच्या तासाभरापुरता ठेवला. आणि रोज कामावरून आला की तो आधी अण्णाच्या बाजूला जाऊन दिवे लावायचा. "बस की उजेडात! बिल माझं हाय. फ्रिज लाव. वैनी, मिक्सर खुशाल चालवा." त्यानं हट्टानं आपला टीव्हीसुद्धा तिकडं नेऊन ठेवला.

पहिले काही दिवस परशराम संकोचला. मग मोठा दिवा परत आला. मग पंखा गुणाबाई नसतानाही फिरू लागला.

पुढची बिलं आली तेव्हा दोघे भाऊ कट्ट्यावर बसले होते. परशरामचं बिल शून्य होतं. युवराजचं कोट्याच्या बरंच वर गेलं होतं. त्यानं बिल उलटं केलं, सुलटं केलं, वर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडं बघितलं, आणि मग उघड्या दारातून अण्णाच्या सोप्याकडं. तिथं दिवा, पंखा, टीव्ही असं सगळं चालू होतं आणि आत कुणीच नव्हतं.

"अण्णा," तो जपून म्हणाला, "लाईट लाव म्हटलं मी. पर एवढी?"

परशरामनं आपलं शून्याचं बिल नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि भावाच्या खांद्यावर हात टाकला.

"युवराज," तो म्हणाला, "वीज वापरायची बी एक पद्धत असते."