तिसऱ्या खुर्चीची हजेरी

तपासणी जवळजवळ संपली होती. चहासुद्धा पिऊन झाला होता. तेवढ्यात तपासनीस साहेबांनी हजेरीवहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"या तिसऱ्या बाई कोण?"

ताईंनी काकूंकडे पाहिलं. ताई म्हणजे कुटुंब समुपदेशन केंद्राच्या प्रमुख आणि एकमेव समुपदेशक. काकू नोंदी ठेवायच्या. दोघीही बिनपगारी. जागेचं भाडं मात्र सरकारी अनुदानातून जायचं, आणि अनुदान गुणवत्तेच्या एकतीस मानकांवर टांगलेलं होतं. 'समुपदेशकाने चेहऱ्यावर आश्चर्य दिसू देऊ नये' हेसुद्धा एक मानक होतं. चौदावं.

बैठकीच्या खोलीत तीन खुर्च्या आणि दाराजवळ ताईंचं स्टूल. दोन खुर्च्या भांडणाऱ्यांच्या. तिसरी मुद्दाम रिकामी, कारण घरातलं जे माणूस आलेलं नाही ते तिथे बसलंय असं समजून बोलायची पद्धत होती. गेल्या वर्षी हजेरीचा नवा तक्ता आला. खुर्चीगणिक एक ओळ, आणि खाली ठळक सूचना, 'कोणतीही ओळ कोरी सोडू नये.' काकूंनी सोडली नाही. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'एक बाई उपस्थित. नाव सांगत नाहीत. स्वभाव शांत, ऐकून घेतात.' अकरा महिने, एकशे शहाण्णव बैठका, एकही खाडा नाही.

"काकू, हे काय करून ठेवलंत?" ताई कुजबुजल्या.

"रेघ मारली तर तक्ता परत येतो. मागे आला होता की नाही?"

"शंभर टक्के हजेरी!" साहेब खूश झाले. "एवढी तर माझीही नाही. सर्वांत नियमित माणसाची मुलाखत घ्यायची असते. मानक सव्वीस. बोलवा त्यांना."

खरं सांगावं, तर एकशे शहाण्णव नोंदी खोट्या ठरून केंद्राला कुलूप. ताईंना गुरुवारचे बापलेक आठवले, वडील आणि त्यांची मुलगी. चार वर्षं एका घरात राहून ती दोघं बोलत नव्हती. इथे आल्यावर मात्र प्रत्येकी एक वाक्य बोलायची. कुलूप लागलं की ते वाक्यही गेलं.

"त्या... आतच आहेत," ताई बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या.

साहेब उठले. ताई मागोमाग निघाल्या, तर त्यांनी हात आडवा केला. "एकांतात. मानक सत्तावीस." दार लागलं.

"आता ओरडतील," ताई म्हणाल्या.

ओरडले नाहीत. पहिला प्रश्न ऐकू आला. मग शांतता. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळात मोजली: नऊ सेकंद. मग कागदावर पेन चालल्याचा आवाज. दुसऱ्या प्रश्नानंतर चौदा सेकंद. पाचव्यानंतर साहेब चक्क हसले. "अगदी! आमच्या घरीही हेच!"

"ताई, हे कोणाशी बोलतायत?"

"आपली फिरकी घेतायत, दुसरं काय."

"मग कुरकुरलं काय? बाकीच्या दोन्ही खुर्च्यांचे स्क्रू मी सोमवारीच आवळलेत. कुरकुरते ती तिसरीच."

ताईंनी काकूंचा हात धरला.

चाळीस मिनिटांनी साहेब बाहेर आले. "फार समजूतदार बाई. तक्रार एकच. मागची खिडकी उघडी असते, पाठीला वारा लागतो. सात दिवसांत सोय करा, अनुदान मंजूर." सही ठोकून ते गेले.

दोघी आत गेल्या. खुर्ची रिकामीच होती. काकूंनी बैठक चाचपली.

"ताई, उबदार आहे."

"ऊन पडलं असेल."

खिडकी उत्तरेची होती. काकूंनी ती गुपचूप लावून घेतली.

गुरुवारी बापलेक आले. आपापलं वाक्य बोलून झालं, आणि ताई वही मिटणार एवढ्यात वडील खिडकीकडे पाहून म्हणाले, "लावलीत ते बरं केलंत. या बाई बिचाऱ्या सारख्या आखडून बसायच्या."

"हो ना, बाबा," मुलगी म्हणाली. "मीही कधीपासून सांगणार होते. आज बघा कशा ऐसपैस बसल्यात."

चार वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

ताईंनी मानक चौदा काटेकोर पाळलं. स्टूल तेवढं त्यांनी वीतभर दाराकडे सरकवलं.