कलम सातचा पहिला मानकरी

मी स्वभावाने संशयी आहे, असं बायको म्हणते. (ती असं का म्हणते, याचाच मला संशय आहे.) पण कचेरीत याच गुणावर माझं नाव झालं. उष्णतेच्या लाटेपासून वस्तीला वाचवण्याचा सरकारी आराखडा यंदा साहेबांनी करायला घेतला आणि खर्डा आला माझ्या टेबलावर. ज्यांना उन्हाचा धोका जास्त, त्यांची यादी करायची आणि रोज दुपारी साडेबाराला फोन करून विचारायचं, पाणी प्यायलात का, बरं आहे ना.

मी म्हटलं, "साहेब, माणूस खोटं बोलणार. प्यायलो म्हणून सांगायला काय जातंय?"

"मग?"

"त्याला विचारायचंच नाही. घरच्यांना विचारायचं. गुपचूप. यादीही बंद पाकिटात ठेवायची."

साहेब खूश! हे कलम सात झालं. त्याखाली धोक्याची लक्षणंही मीच लिहिली: चेहरा लाल, चिडचिड, असंबद्ध बोलणं, विनाकारण संशय. यांतली दोन दिसली, की पथक दहा मिनिटांत दारात.

आराखडा लगेच लागू झाला. पुढच्याच आठवड्यात कचेरीतला पंखा बंद पडला (उष्णता कक्षाचाच), म्हणून मी दुपारी जेवायला घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको फोनवर बोलत होती.

"हो, गेलेत कचेरीत... छे हो, त्यांना कुठलं कळायला! कळलं तर घर डोक्यावर घेतील... तुमच्याशी बोललं की कसं हलकं वाटतं. उद्या याच वेळेला हं."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. बावीस वर्षांचा संसार! माझ्याशी ही बाई "मीठ संपलंय" याच्यापलीकडे बोलत नाही, आणि इथे हिला हलकं वाटतंय! मी न जेवताच उलट पावली कचेरीत परतलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला मागच्या फाटकातून शिरलो आणि गॅलरीत पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसलो. तिथे दुपारी असं ऊन येतं, की वाळत घातलेला टॉवेल पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. पाऊण तास बसलो. पाण्याच्या पिंपाला पाठ लावून बसलो होतो, पण पाणी काही प्यायलो नाही. (भांड्याचा आवाज झाला असता.) ऐकू आलं ते एवढंच, "आज जरा जास्तच झालंय हो." संध्याकाळी तिच्या उशीखाली हात घालून बघितलं. पिनेशिवाय काही नव्हतं, आणि ती बोटात घुसली.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी पिंप सोडलं नाही. आतून आवाज आला, "आता माझ्याच्याने होत नाही. तुम्ही याच इकडे."

झालं! मी ताडकन उठलो आणि आत घुसलो.

"कोण येतोय? नाव सांग त्याचं!"

बायकोने माझ्याकडे नीट पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "आलेत. पिंपामागून आलेत. लालबुंद झालेत. 'कोण येतोय' म्हणून तुमचं नाव विचारताहेत."

दहा मिनिटांत (मीच लिहिलेल्या दहा!) पथक हजर. रोज फोन करणाऱ्या परिचारिकाबाई पुढे, मागे ओल्या चादरी घेतलेले दोघं. मला आडवं करून गुंडाळलंसुद्धा.

"अहो बाई, सोडा! हा आराखडा मीच लिहिलाय!"

बाई शांतपणे सोबतच्याला म्हणाल्या, "लिहून घे. असंबद्ध बोलणं."

मी बायकोकडे वळलो. "अगं, माझं नाव यादीत तू घातलंस?"

"मग कुणी घालायचं? गेल्या वर्षी बसथांब्यावर चक्कर येऊन पडलात, तेव्हा मला परक्या माणसाचा फोन आला. तशीच अनवाणी धावत आले मी! पाणी घ्या म्हटलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणता. मला भीती वाटते हो."

तिचे डोळे भरून आले होते. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. तिचा हात धरावा म्हणून मी चादरीतून हात बाहेर काढला, तर बाईंनी तो आत ढकलला.

चार दिवसांनी कामावर गेलो, तर पहिलाच कागद समोर. कलम सातखालचा पहिला रुग्ण, नावाच्या जागी नुसता क्रमांक. फोन चालू ठेवावा की बंद करावा, यावर घरच्यांचा शेरा आणि खाली माझा शिक्का हवा होता. शेरा ओळखीच्या अक्षरात होता:

"तब्येत सुधारली आहे, स्वभाव आहे तसाच आहे. तरी फोन बंद करू नये. दिवसातून तेवढीच पाच मिनिटं माझं कुणीतरी ऐकून घेतं."

मी आधी ग्लासभर पाणी प्यायलो आणि शिक्का मारला.